वगळलेलं रीडिंग

“मी ‘हं’ म्हटल्याशिवाय घड्याळ सुरू करायचं नाही,” कालिंदी म्हणाली.

नोव्हेंबरातला शुक्रवार होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरून चारच दिवस झाले होते. घंटा होऊन वीस मिनिटं उलटली होती आणि दुसरा मजला रिकामा होता. ती नववी अ च्या दारात उभी होती. उजव्या पायाला कॅलिपर, काखेत कुबडी. तिचं दप्तर नेहमीसारखं माझ्या पाठीवर होतं आणि हातात प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच. इरफान तांबोळी जिन्याच्या वळणावर कॅमेरा घेऊन भिंतीला टेकला होता. त्याचा मोठा भाऊ लग्नांचं शूटिंग करायचा. कॅमेरा भावाचा होता.

“जरा हसत उतर,” इरफान म्हणाला. “ह्या कॅमेऱ्याला नवरीची सवय आहे. पडलेलं तोंड बघितलं की बंद पडतोय.”

“तुझ्या लग्नात हसेन. आत्ता पाय घे, तोंड नको घेऊ.” मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “आणि तू हात द्यायचा नाहीस. मी पडले तरी नाही. हं.”

मी बटण दाबलं.

आधी कुबडी, मग कॅलिपरचा पाय, मग चांगला पाय. प्रत्येक पायरीला तीन आवाज. आमच्या शाळेला तो एकच जिना होता आणि त्याला चव्वेचाळीस पायऱ्या होत्या. मी पाचवीपासून तिच्याबरोबर तो उतरत होते, पण गप्पा मारत. नुसती बघत कधी उतरले नव्हते. पहिल्या मजल्यावर ती अर्धा मिनिट थांबली, कठड्याला हात पुसला आणि पुन्हा निघाली. शेवटच्या पायरीवर तिने कुबडी टेकवली तेव्हा मी बटण दाबलं.

“किती?”

“चार मिनिटं दहा सेकंद.”

“पुन्हा एकदा.”

“कालिंदी, पुन्हा वर चढायचं?”

“एका रीडिंगला काय अर्थ असतो? आवटी सरांनी शिकवलंय की नाही?”

ती पुन्हा चढली आणि पुन्हा उतरली. चार मिनिटं सोळा सेकंद. खाली आल्यावर ती पायरीवर बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“सरासरी काढ,” ती म्हणाली.

“चार मिनिटं तेरा.”

“लिही. आणि पेननं लिही. पेन्सिलीनं नको.”

पेन्सिलीचं तिने गंमतीत म्हटलं, पण ते खरं होतं. आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या वहीत रीडिंग पेन्सिलीने लिहायची पद्धत होती. उत्तर पुस्तकात छापलेलंच असे. गणित करून बघायचं, उत्तर जुळलं नाही तर रीडिंग खोडायचं, जुळेल असं घालायचं आणि मग त्यावरून पेन फिरवायचं. चांगल्या मुली असंच करायच्या. मी चांगली होते.

त्या वर्षी जिल्ह्याला शालेय विद्यार्थ्यांची माहितीपट स्पर्धा होती. विषय होता ‘माझी सुरक्षित शाळा’, लांबी पाच मिनिटं, आणि सगळं काम मुलांनीच करायचं. विज्ञान शिकवणाऱ्या आवटी सरांनी आम्हां तिघांना निवडलं. कॅमेरा इरफान. मोजमापं आणि आवाज मी. लेखन कालिंदी, कारण तिच्याइतकं सरळ मराठी वर्गात कुणाला येत नव्हतं. फिल्मचा मुख्य भाग म्हणजे शाळा रिकामी करण्याचा सराव. घंटा झाली की सगळ्या वर्गांनी रांगेने मैदानात यायचं. स्पर्धेच्या पत्रकात लिहिलं होतं की हे चार मिनिटांच्या आत व्हायला हवं.

कालिंदीला त्या फिल्ममधून एकच गोष्ट हवी होती. आमचा वर्ग खाली यायला हवा होता.

आमच्या शाळेत गुण जितके जास्त तितका मजला वर. अ तुकडी दुसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेशेजारी, खालच्या गोंगाटापासून लांब. क आणि ड तळमजल्यावर. कालिंदीचे वडील, अण्णा मगदूम, पोस्टात कारकून होते. दर सत्राच्या सुरुवातीला ते वळणदार अक्षरात अर्ज द्यायचे, की मुलीचा वर्ग तळमजल्यावर आणावा. दर वेळी हेडसर उत्तर द्यायचे, की मुलीला तळमजल्यावरच्या क तुकडीत बसवता येईल. आणि कालिंदी दर वेळी म्हणायची, “मी अ मध्ये गुणांनी आलेय, पायांनी नाही.”

“ह्या वेळी अण्णांना मी अर्ज देऊ नका म्हणून सांगितलंय,” त्या शुक्रवारी पायरीवर बसून ती म्हणाली.

“का?”

“अर्ज हेडसर टेबलाच्या खणात टाकतात. फिल्म जिल्ह्याचे साहेब बघणार. शेवटचा शॉट जिन्याचा ठेवायचा. मी उतरतेय आणि तुझा आवाज. चव्वेचाळीस पायऱ्या, चार मिनिटं तेरा सेकंद. बाकी काही बोलायचं नाही. मग बघू वर्ग कसा खाली येत नाही.”

“अण्णांना सांगितलंस असं?”

“नाही. वर्ग खाली आला की सांगणार. तुम्ही दोघं पण गप्प बसा.”

“मला काय कळतंय त्यातलं,” इरफान म्हणाला. “मी फक्त वरात काढतो.”

शनिवारी सकाळची शाळा. हेडसर मैदानात खुर्ची टाकून बसले. दगडूमामा शिपायांनी घंटा दिली. मी वर्गाची मॉनिटर, म्हणून रांगेच्या पुढे. मैदानात झेंड्याच्या खांबापाशी पोचलं की प्रत्येक मॉनिटरने मुलं मोजायची आणि मोठ्याने सांगायचं, अमुक वर्ग, अमुक संख्या, पूर्ण. सगळ्या वर्गांचं ‘पूर्ण’ आलं की सर घड्याळ बंद करणार.

पहिल्या खेपेला सहा मिनिटं पन्नास सेकंद लागले. कालिंदी रांगेच्या मध्यावर होती आणि जिना इतका अरुंद की तिच्यामागे सगळे तुंबले. आमच्याच मजल्यावरची दहावी तर दारातच अडकून राहिली. कुणीतरी मागून ओरडलं, “एस.टी. बंद पडली काय?” हसणं झालं. दुसऱ्या खेपेला तिला शेवटी ठेवलं. सहा पस्तीस.

हेडसर खुर्चीतून उठले. “आवटी, हे जिल्ह्याला दाखवायचंय का आपल्याला?” एवढं बोलून ते ऑफिसात गेले.

आवटी सर मला प्रयोगशाळेत घेऊन गेले. ते चांगले शिक्षक होते. दहावीनंतर सायन्सला पाठवणार नाही असं माझ्या घरी आधीपासूनच म्हणत होते, म्हणून ते दोनदा येऊन वडिलांशी बोलले होते. त्यांनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

“वृंदा, पाचशे मुलं आहेत. चारशे नव्व्याण्णव साडेतीन मिनिटांत उतरतात. मग शाळेचा वेळ कोणता?”

त्यांनी खडू खाली ठेवला.

“प्रॅक्टिकलला दहा रीडिंग घेतली आणि एखादंच फार लांब गेलं, तर आपण काय करतो?”

“वगळतो, सर.”

“का वगळतो?”

“सरासरी बिघडते म्हणून.”

“हं.” त्यांनी फळा पुसला. “तिला वाईट वाटेल असं काही नको. तिला स्टॉपवॉच देऊ. खाली, झेंड्यापाशी. महत्त्वाचं काम आहे. तूच सांग तिला, तुझं ऐकेल.”

आता मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे रीडिंग खोडता येत नाही. चुकलं असेल तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी कारण, सही, तारीख. नव्या मुलींना हे मी शिकवते, आणि त्या विचारतात, मॅडम, चुकीचा आकडा ठेवायचा कशाला.

मी खाली जाऊन कालिंदीला सांगितलं. ती खांबाच्या कट्ट्यावर बसली होती.

“म्हणजे मी जिन्यावर नाहीच,” ती म्हणाली.

“सरावात नाही. तुझा वेगळा शॉट आहे की. शेवटी.”

“तो नक्की ठेवणार?”

“नक्की.”

तिने हात पुढे केला आणि मी स्टॉपवॉच दिलं. तिने बटण दोनदा दाबून बघितलं. “वजन छान आहे ह्याला,” ती म्हणाली.

त्यानंतर सराव तीनदा झाला. एकदा इरफानची बॅटरी संपली, एकदा आठवीतला एक मुलगा कॅमेऱ्याकडे बघून दात काढत गेला, तिसऱ्यांदा जमलं. तीन मिनिटं पंचवीस सेकंद. तिन्ही वेळा मी खांबापाशी उभी राहून मोजलं आणि ओरडले, “नववी अ, एकेचाळीस, पूर्ण.” आमची पटसंख्या बेचाळीस होती. बेचाळिसावी माझ्या डाव्या हाताला उभी राहून घड्याळ बघत होती.

जोडणीचं काम इरफानच्या भावाच्या दुकानात झालं. मागे कुणाच्या तरी हळदीची कॅसेट चालू होती. पाच मिनिटांत सगळं बसवायचं होतं. वाळूच्या बादल्या, प्रथमोपचाराची पेटी, हेडसरांचे दोन शब्द. ते दोन शब्द एक मिनिट दहा सेकंदांचे निघाले.

“हेडसरांना बदामात घालू का?” इरफानचा भाऊ म्हणाला. “बाजूनं गुलाब उमलतात असं पण आहे.”

“नको, दादा.”

इरफानने जिन्याचा शॉट लावला. कुबडी, कॅलिपर, पाय. “हा कुठं टाकू?”

“किती जागा उरली?”

“बारा सेकंद.”

“बारा सेकंदांत चार मिनिटं कशी दाखवणार?”

“थोडा तुकडा घेऊ. तू आकडा बोल.”

मी आदल्या दिवशी आवटी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, तू बघ, तुझ्यावर सोडतो, पण एकाच फिल्ममध्ये साडेतीन मिनिटं आणि चार मिनिटं असे दोन वेळ आले तर परीक्षक विचारतील. मला ते पटलं होतं. मला वाटतं, ते मला सांगण्याआधीच पटलं होतं.

“राहू दे,” मी म्हणाले. “त्या बारा सेकंदांत शाळेची पाटी टाक.”

इरफानने माझ्याकडे बघितलं. “तिला तू सांगणार का मी?”

“मी सांगते.”

मी सांगितलं नाही. आमची फिल्म जिल्ह्यात दुसरी आली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ती सभागृहात दाखवली. कालिंदी माझ्या शेजारी होती. घंटा झाली, मुलं रांगेने उतरली, आणि पडदाभर एक हात दिसला. स्टॉपवॉच धरलेला, अंगठा बटणावर. टाळ्या झाल्या. मग हेडसर, मग पाटी. मग दिवे लागले.

“हात बरा दिसतोय माझा,” ती म्हणाली.

“वेळ बसत नव्हता, कालिंदी.”

“मला कळलं की.” ती कुबडी शोधत होती. कुबडी घसरून माझ्या खुर्चीखाली गेली होती, मी काढून दिली. “जूनमध्ये अण्णांना सांगते अर्ज द्यायला. दहावी पण वरच आहे.”

दप्तर तिने त्या दिवशीही माझ्याकडेच दिलं.

सतरा फेब्रुवारीला मधल्या सुट्टीनंतर जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत ठिणगी पडली. तिथे जुने बाक आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते. ज्वाळा फारशा नव्हत्या, धूर होता. दगडूमामांनी घंटा दिली. आमचा तास मोकळा होता. मी वह्यांवर सही घ्यायला प्रयोगशाळेत गेले होते. घंटा ऐकली आणि शिकवल्याप्रमाणे धावत वर्गाच्या दाराशी आले. रांग उभीच होती. मी पुढे झाले. मॉनिटरने पुढे राहायचं आणि मागे वळून बघायचं नाही, हे फिल्ममध्ये माझ्याच आवाजात होतं.

सगळं सरावासारखं झालं. कुणी ढकललं नाही. कुणी रडलं नाही. पहिल्या मजल्याशी डोळे चुरचुरत होते, पण दिसत होतं. खांबापाशी मी मोजलं. दोनदा मोजलं, कारण मी दोनदा मोजते.

“नववी अ, एकेचाळीस, पूर्ण.”

तो आकडा माझ्या तोंडात बसलेला होता. आवटी सरांनी यादीवर खूण केली. सगळे वर्ग पूर्ण आले. हेडसरांनी अग्निशमन दलाला फोन लावला आहे, घाबरू नका, असं सांगितलं. जिन्याच्या दारातून आता काळा धूर येत होता आणि आम्ही रांगेत बसून बघत होतो. काही मुलं तर खूश होती, तास बुडाले म्हणून.

इरफान त्याच्या ब तुकडीच्या रांगेतून माझ्याजवळ आला. “कालिंदी कुठाय?”

“खाली,” मी म्हणाले.

“खाली कुठं?”

मी डाव्या हाताला बघितलं.

तोवर किती वेळ गेला होता, ते मला नंतर अग्निशमनच्या कागदावरून कळलं. अकरा मिनिटं. दगडूमामा ओलं पोतं डोक्यावर घेऊन वर गेले. ती त्यांना दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर सापडली, बसलेली. बसून बसून उतरत आली होती. मिरजेला नेताना वाटेत गेली.

तिच्या बाकावरची सुलभा नंतर सांगत होती, “मी म्हटलं चल, तर म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, माझ्यामागं सगळे अडकतात. मी येते मागनं.”

चौकशी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली. जिल्ह्याहून एक अधिकारी आले होते, बरोबर एक लेखनिक. हेडसरांच्या ऑफिसात टीव्ही आणून ठेवला होता. आवटी सर दाराबाहेर उभे होते. दीड महिन्यात त्यांचे गाल बसले होते.

“विचारतील तेवढंच सांग,” ते मला म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. “जास्त काही बोलू नको, बाळ. तुझं पुढचं सगळं आहे.”

आत हेडसर, अधिकारी, लेखनिक, आणि भिंतीशी खुर्चीवर अण्णा मगदूम. पोस्टातून आले असावेत, खिशाला शाईचं पेन होतं. फिल्म लावली. अधिकाऱ्यांनी पूर्ण बघितली. हात पडद्यावर आला तेव्हा थांबवायला सांगितली.

“हा कुणाचा हात?”

“कालिंदी मगदूमचा,” मी म्हणाले.

“म्हणजे ही मुलगी सरावात होती?”

टीव्हीवर हात थरथरत होता, कॅसेट थांबवली की चित्र थरथरायचं तसा. अण्णा माझ्याकडे बघत होते. हेडसर टेबलावरच्या काचेकडे.

“होती, सर.”

“नोंदीत तीन सराव आहेत. तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा.”

“सराव कसा करायचा, कुठून उतरायचं, हे तिला माहीत होतं?”

“तिनंच लिहिलं होतं ते.”

लेखनिकाने लिहिलं. मला वाटलं, आता ते विचारतील, ती जिन्यावरून उतरली होती का. मी उत्तर तयार ठेवलं होतं. चार तेरा आणि तीन पंचवीस, दोन्ही आकडे पाठ होते. त्यांनी विचारलं नाही. ते हेडसरांकडे वळले.

“पालकांनी वर्गाबद्दल काही तक्रार केली होती?”

“पहिल्या सत्रात अर्ज होता, साहेब. आम्ही क तुकडीचा पर्याय दिला होता. दुसऱ्या सत्रात अर्ज आला नाही. तेव्हा अडचण राहिली नसावी, असं आम्ही धरलं.”

“खरं आहे?” अधिकाऱ्यांनी अण्णांना विचारलं.

अण्णा उभे राहिले. “खरं आहे. दुसऱ्या सत्रात मी अर्ज दिला नाही.”

“का दिला नाही?”

“नाही दिला,” अण्णा म्हणाले आणि बसले.

पुढे अहवालात जे आलं ते एवढंच, की शाळेत सराव नियमित झाला होता, संबंधित विद्यार्थिनी त्यात सहभागी होती, प्रत्यक्ष प्रसंगी ती स्वतःहून मागे राहिली, आणि पालकांचा अर्ज प्रलंबित नव्हता. मीटरच्या खोलीबद्दल शाळेला ताकीद मिळाली. जूनमध्ये अ तुकडी तळमजल्यावर आली. हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी बाहेर व्हरांड्यात आले तेव्हा अण्णा माझ्यामागून आले. चप्पल घालताना त्यांनी भिंतीला हात टेकला. मैदानात ड तुकडीची मुलं कबड्डी खेळत होती.

“वृंदा,” ते म्हणाले.

“काय, काका?”

“दिवाळीनंतर मी अर्ज लिहिला होता. लिहून तयार होता. ती म्हणाली, अण्णा, ह्या वेळी नको. मी म्हटलं, बरं. का म्हणून विचारलं नाही बघ. मला वाटलं, दरवेळी नकार ऐकून कंटाळली असंल पोर. तिला आणखी कशाला कानकोंडं करायचं.” त्यांनी खिशातलं पेन काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. “मी द्यायला पाहिजे होता. बापानं विचारायला पाहिजे होतं ना, का नको म्हणतीस?”

मी माझ्या चपला पायात सरकवल्या.

“तुम्ही दोघी सारख्या बरोबर असायचा. तुला काही बोलली होती का? अर्ज का नको ते?”

इरफान मैदानाच्या टोकाला सायकल धरून उभा होता, माझी वाट बघत. आतून टीव्ही उचलून नेताना दगडूमामांचा आवाज येत होता.

“नाही, काका,” मी म्हणाले. “मला काही बोलली नाही.”

त्यांनी मान हलवली. “बरं,” म्हणाले. थोडं चालून गेले आणि थांबले.

“तुझी परीक्षा कधी?”

“सोमवारपासून. पहिला भूमितीचा पेपर.”

“नीट लिही.”

मी नीट लिहिला.